भरवेलीच्या खाणीत उतरलेली पेटी

बालाघाटला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या ठाण्यात लोक आधी विचारतात, "हे कुठे आलं?" आणि कुठे ते सांगितलं की विचारतात, "मग तिथे पाहण्यासारखं काय आहे?" पाहण्यासारखं पुष्कळ आहे हो. वैनगंगा आहे, सागवानाचं रान आहे, हट्ट्याची बावडी आहे. पण मी ज्याच्यासाठी एवढी लांब गेले ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. आणि तरी इतकी खूश होऊन परतले की आईने दारातच विचारलं, "काय गं, कुठे जमवून आलीस की काय?"

जमलं होतंच, पण माझं नाही. माझ्या पेटीचं.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढे सगळंच अडेल. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते. आकाशातून अतिशय बारीक कण सारखे खाली येत असतात. छप्पर, माणूस, जमीन, कशालाच ते जुमानत नाहीत. त्यातले काही तर डोंगर भेदून खाणीच्या तळापर्यंत पोचतात. त्यांचा फोटो काढायचा तर कॅमेरा नेमका कधी उघडायचा हे कुणीतरी सांगायला हवं, कारण कण काही आधी कळवून येत नाही. हे सांगण्याचं काम पेटीचं. वर प्लॅस्टिकची एक फळी, खाली दुसरी. कण गेला की फळीत क्षणभर उजेड चमकतो आणि तिची तार पेटीला खबर देते. पण या फळ्या महा बडबड्या. कण नसतानाही काहीबाही कळवत बसतात. म्हणून दोन्ही फळ्यांकडून एकाच क्षणी खबर आली, तरच ती खरी मानायची आणि कॅमेऱ्याला हुकूम सोडायचा.

आता 'एकाच क्षणी' म्हणजे किती एकाच क्षणी, इथेच सगळी मेख आहे. आमच्याकडची जुनी व्हॉल्व्हची पेटी या बाबतीत अगदी ढिली. एक खबर आत्ता आणि दुसरी जरा मागाहून आली तरी ती दोन्ही एकत्र धरायची आणि रिकाम्या जागेचे फोटो काढत सुटायची. मी खपून खपून ट्रान्झिस्टरची नवी पेटी केली. तिचा क्षण सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागतो. आमच्या सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "टेबलावर सगळंच चालतं, लिमयेबाई. खाणीत चालवून दाखवा."

दक्षिणेत सोन्याच्या खोल खाणीत मोठा प्रयोग मांडायचा होता. त्याआधी बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत आठवडाभर जागा मिळाली होती. तिथे पेटी चालली तर ती सोन्याच्या खाणीत जाणार. नाही चालली तर पेटी परदेशातून येणार आणि मी पुन्हा दुसऱ्यांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करत बसणार. हे सर मोकळेपणी बोलले, आणि मला ते लागलंही.

गोंदिया ते बालाघाट

माझ्याबरोबर होते सबनीस. सबनीस म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत उंच आणि सर्वांत घाबरट भौतिकशास्त्रज्ञ. स्वभावाने गाईहून गरीब. प्रवासभर त्यांनी थर्मास मांडीवर धरला होता आणि मी पेटी. सामानाच्या खोक्यांत जुनी पेटीही होती, कारण तुलना करायला ती हवी. ती मात्र खाली आदळत आपटत आली आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही.

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांच्या छोट्या गाडीत बसलो. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाची शेतं आणि मध्येच तळी. गाडी इतक्या निवांत चालते की तळ्यातले शिंगाडे मोजून होतील. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्या पेटीकडे बघत फर्माईश केली, "बजाव ना बाई एखादं भजन." वाजणारी नाही म्हटल्यावर त्याचा तिच्यातला रस संपला.

एका स्टेशनावर उकडलेले शिंगाडे घेऊन एक बाई चढली. मी आपली पुस्तकी हिंदी काढली, "यह कैसे दिये?" तिने मला नीट न्याहाळलं. "मराठीत बोला ना जी," ती म्हणाली, "मले समजते. तुमची हिंदी नाही समजत." सबनीस थर्मासमध्ये तोंड घालून हसले. शिंगाडे काळ्या सालाचे, आत पांढरे, पिठूळ आणि गोडसर. आमच्याकडे आम्ही उपासाला त्याचं पीठ तेवढं ओळखतो. मूळ फळ एवढं चविष्ट असेल असं वाटलंच नव्हतं.

भरवेली

भरवेलीला सगळं काळं आहे. रस्ता काळा, सायकली काळ्या, गेस्ट हाउसच्या खिडकीवरची चिमणीसुद्धा काळपट. खाणीच्या तोंडाशी मोठं पटांगण, तिथे ओळीने बायका बसलेल्या. वर आलेल्या ढिगातून चांगला दगड एकीकडे आणि टाकाऊ दगड दुसरीकडे, हात असे चालतात की बघत राहावं. डोक्याला फडकी, पायांत चांदीच्या तोरड्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यात आमचा विषय निघालेला होता हे मला लांबूनच कळलं.

आम्हाला मदतीला दिले होते खाणीचे इलेक्ट्रिशियन रामटेके. चाळिशीचे, ठेंगणे, खाकी शर्टाला कडक इस्त्री. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे कामाला आले, तेव्हापासून कुटुंब इथलंच. घरात मराठी, खाणीत हिंदी आणि रागावले की दोन्ही. "जयभीम बाई," म्हणून त्यांनी पेटी माझ्या हातून अशी अलगद घेतली की मी तिथेच त्यांच्यावर खूश झाले.

पुढच्या दहा मिनिटांत मात्र माझं डोकं फिरलं. मॅनेजर साहेब फार सज्जन गृहस्थ. चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, "आप नीचे नहीं जा सकतीं."

"का?"

"औरतें खान के अंदर नहीं जातीं. कानून है."

मी म्हटलं, मी कामाला नाही, पाहुणी आहे. मी म्हटलं, पेटी माझी आहे. मी म्हटलं, सबनीसांना तिची एक बाजूही धड माहीत नाही, आणि सबनीसांनी प्रामाणिकपणे मान हलवली. मॅनेजर साहेबांनी आणखी बिस्किटं पुढे केली. कायदा आहे तो आहे. घरापासून एवढं अंतर कापून आले आणि शेवटचं, खालच्या बाजूचं अंतर तेवढं राहिलं. मी इतकी चिडले की बिस्किटाला हात लावला नाही. आता त्याचंच वाईट वाटतं.

शेवटी असं ठरलं की सबनीस आणि रामटेके खाली जाणार आणि मी वरच्या टेलिफोनच्या खोलीतून सूचना देणार. खाली पंपाजवळ एक कोनाडा होता, तिथे दुसरा टेलिफोन. मी रामटेक्यांना अख्खी दुपार सगळं शिकवलं. कुठली फळी वर, कुठली खाली, निऑनच्या काचनळ्यांचा थर मध्ये कसा रचायचा. पेटीने हुकूम सोडला की कणाच्या वाटेवरच्या नळ्या लाल पेटतात आणि कॅमेरा ती लाल रेघ टिपतो. तारा मी आधीच जोडून, नीट गुंडाळून दिल्या होत्या. रामटेके एकदा ऐकून सगळं परत बोलून दाखवायचे.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. बायको वत्सलाबाई, दोन मुली आणि आई. या आईला सगळी वस्ती आजी म्हणते. आजींचे दात बरेच गेलेत, पण जीभ शाबूत आहे. भाताचा वास अंगणात येत होता. इथला चिन्नोर तांदूळ, दाणा बारीक आणि सुवास असा की नुसता खावा. त्यावर लाखोळीचं वरण, बाजूला वालाच्या शेंगांची भाजी आणि ठेचा. लाखोळीची डाळ आमच्याकडे कुणी खात नाही, असं मी म्हणाले. वत्सलाबाई म्हणाल्या, "मंग काय खाता जी तुमी लोक?" मी वाटी पुढे केली, त्यांनी आणखी वरण वाढलं.

आजींनी विचारलं, पेटी काय करते? मी विचार केला, आणि म्हटलं, "आजी, दोघी जावा आहेत समजा. एक वरच्या खोलीत, एक खालच्या. दोघी दिवसभर एकेकट्या काहीही बोलतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. पण दोघी एकाच दमात 'हौ' म्हणाल्या, की समजायचं काहीतरी खरंच घडलं."

आजींनी वत्सलाबाईंकडे बघितलं. "दोघी जावा एकदम हौ म्हनत असतीन," त्या म्हणाल्या, "तं मोठंच काई झालं असंन!"

तेव्हापासून वरची फळी थोरली आणि खालची धाकटी.

पेटीचं मौन

सबनीस खाणीच्या पाळण्यात, म्हणजे तिथल्या लिफ्टमध्ये, बसून खाली गेले आणि अर्ध्या तासात पांढरेफटक होऊन वर आले. तळाशी पोचताच त्यांना घेरी आली होती. रामटेक्यांनी त्यांना एका फळकुटावर आडवं केलं, पाणी पाजलं आणि मांडणी एकट्याने पुरी केली. मी वर फोनला चिकटलेली.

"बाई, थोरली बोलून राह्यली," रामटेके फोनवरून म्हणाले.

"धाकटी?"

"धाकटी बी बोलून राह्यली. चांगली बोलते."

"सगळं सांगितलं तसंच आहे ना?"

"एकदम नीट हाये बाई. तुमी सांगतलं त्याहून नीट."

"आता दोघी पेटीला जोडा."

जोडल्या. मी कान टवकारून बसले. कण गेला की दर वेळी पेटीतला काटा 'टक्' वाजायला हवा होता, आणि तो फोनमधून ऐकू आला असता. काही नाही. पंपाची घरघर तेवढी. मी व्होल्टेज तपासायला सांगितलं, तपासलं. बटण वरखाली करायला सांगितलं, केलं. थोरली बोलते, धाकटी बोलते, पण पेटी मख्ख. दुसऱ्या दिवशीही मख्ख. ओल लागली असेल म्हणून वर मागवून चुलीजवळ शेकली, परत पाठवली. तीच गत.

शनिवारी सबनीस अगदी हळू आवाजात म्हणाले, "जुनी पेटी लावून बघू या का?" मी म्हटलं बघा. रामटेक्यांनी ती खोकडी खाली नेली, जोडली, आणि फोनमधून ऐकू आलं: टक्. थोड्या वेळाने, टक् टक्. मजेत चालू.

मला तिथेच रडू फुटलं. टेलिफोनच्या खोलीत, दारात दगड निवडणाऱ्या बायका बसलेल्या असताना. इतके दिवस जिला मी ढिली, म्हातारी, बडबडी म्हणत होते ती वाजत होती आणि माझी गप्प. सबनीस म्हणाले, "सोमवारी सरांना तार करावी लागेल, लिमयेबाई. मी... चांगल्या शब्दांत करीन." त्यांच्या चांगुलपणाचा मला त्या घटकेला भयंकर राग आला.

रविवार, हट्टा

रविवारी खाण बंद. वत्सलाबाई सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तोंड पाडून बसू नोका. चला, बावडी दाखवतो." मला कुठेही जायचं नव्हतं, पण वत्सलाबाईंना नाही म्हणणं हे माझ्या आवाक्यातलं काम नाही. मुली, त्या आणि मी असे बसने निघालो. रामटेके आणि सबनीस घरी थांबले. सबनीसांनी विहिरीत उतरायचंय हे ऐकूनच नकार दिला होता.

हट्ट्याची बावडी बाहेरून काही फार मोठी वाटत नाही. आत पायऱ्या सुरू होतात आणि मग कळतं. दगडी खांब, कमानी, मजल्याखाली मजला आणि प्रत्येक पायरीला हवा थोडी थोडी गार होत जाते. मुली दडदडत खाली गेल्या. मी मागोमाग. तळाशी हिरवं, स्थिर पाणी, त्यात वरचा आभाळाचा तुकडा. मी पाण्यापाशी बसले आणि एकदम हसायला लागले.

"काहून हासता ताई?"

"वत्सलाबाई, शेवटी मी जमिनीखाली आले की नाही? आणि कुणी अडवलं नाही!"

"इथं काहून अडवतीन? पानी भराले बाईच लागते ना," असं म्हणून त्याही हसायला लागल्या. मग मुलीही हसल्या, आणि त्या कमानींतून चौघींचं हसू फिरून फिरून वर आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. पेटी नाही चालली तर नाही चालली, असं सुद्धा क्षणभर वाटलं. फक्त क्षणभर.

दुपारी परत भरवेलीला, थेट रामटेक्यांच्या घरी जेवायला. अंगणात पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

कडुनिंबापासून पडवीच्या खांबापर्यंत एक दोरी ताणलेली होती. काळी, गुळगुळीत, करंगळीएवढी जाड. तिच्यावर वत्सलाबाईंचं हिरवं लुगडं, रामटेक्यांचा खाकी शर्ट आणि मुलींचे फ्रॉक वाळत होते. ही दोरी मी ओळखत होते. तिचा रीळ मी स्वतः मुंबईत सोडवला होता.

"वत्सलाबाई, ही दोरी कुठची?"

"ह्यायनं आनली ना. लय मजबूत हाये. पान्यानं सडत नाही का काई नाही."

रामटेके पडवीत सबनीसांशी बोलत बसले होते. ते अभिमानाने उठले. "तुमचीच तार हाये बाई. थोरलीची तार लय लांब होती. कोनं तरी गुंडी करून ठेवलती. खाणीत अशी गुंडी ठेवाव नाही जी, अंधारात मानसाचा पाय अडकते, एखाद्याचा जीव जाईन. म्हून मी कापून बरोब्बर केली. टोकाले नवीन जोड बी मारला, पाह्यसान तं खूश व्हान. उरलेली नेऊ का म्हून सबनीस सायबाले इचारलं, ते हौ म्हनले."

"मी?" सबनीस उडालेच. "मी कधी हो म्हटलं?"

"तुमी फळकुटावर झोपला होता ना साहेब, तवा."

गुंडी, म्हणजे तारेचं वेटोळं, करून ठेवणारी मीच. आणि मुद्दाम ठेवली होती! थोरली पेटीच्या जवळ, धाकटी लांब. तरी दोघींच्या तारा मी अगदी सारख्या लांबीच्या कापल्या होत्या, कारण खबर तारेतून यायलाही वेळ लागतो. फार थोडा लागतो, पण लागतो. थोरलीची तार वीसेक फूट कमी झाली, तिची खबर तेवढी आधी पोचायला लागली. पेटीचं सरळ म्हणणं, तुम्ही दोघी एका दमात बोलला नाहीत, मी ऐकणार नाही. जुनीला मात्र वीस फुटांचा फरक कळणार कुठून? तिला पन्नास फुटांचाही कळला नसता. म्हणून ती मजेत वाजत होती.

मी मटकन खाटेवर बसले आणि पोट धरधरून हसले. माझी पेटी बिघडली नव्हती. उलट ती इतकी तल्लख निघाली होती की अंगणातल्या या एवढ्या दोरीचा हिशेब तिला लागत होता. सगळे मला वेड लागलं की काय म्हणून बघत होते. मग मी त्यांना जावांच्याच भाषेत समजावलं. थोरलीचं घर जवळ आलं, तिचा 'हौ' आधी पोचला, धाकटीचा मागून आला, आणि पेटी म्हणते यांचं जमत नाही.

रामटेक्यांचा चेहरा उतरला. "बाई, मी तं तुमच्या कामाचं वाटोळंच केलं."

"तुम्ही कुणाचा तरी पाय वाचवलात," मी म्हटलं. "मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आता दोरी काढा."

"मंग माहे कपडे कुठी वाळू घालू?" वत्सलाबाई म्हणाल्या.

सबनीस ताडकन उठले आणि चपला घालून बाजाराकडे सुटले, नवी दोरी आणायला. एवढ्या वेगाने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोरी काढून मोजली तर रामटेक्यांनी कापली होती त्याहून कमीच भरली. उरलेला तुकडा आजींच्या शेळीच्या गळ्यात होता. शेळीने त्याचं एक टोक चावून चावून पार भुगा केलेला. आजींनी तिची कानउघाडणी केली, "खाऊन राह्यली का सरकारची तार?" मी चावलेला भाग कापला आणि तेवढाच तुकडा माझ्या पिशवीतल्या तारेचा काढला. रामटेक्यांनी पडवीत शेगडी पेटवली, कथिल लावलं आणि तिन्ही तुकडे असे सुबक जोडले की मला कौतुक वाटलं. तिसरा जोड उद्या खाली, थोरलीच्या तारेला; तोवर झुल्यासारखी ही तार दोघांच्या हातांत धरून आम्ही परत मोजली. बरोब्बर.

सोमवार

सकाळी खाणीच्या तोंडाशी सबनीस हेल्मेट घालून उभे. "मीही जातो," म्हणाले. "'हो' मी म्हटलं होतं."

"घेरी आली तर?"

"डोळे मिटून उतरीन. खाली गेल्यावर उघडीन."

मी टेलिफोनच्या खोलीत. दारात दगड निवडणाऱ्या बायका, आणि सर्वांत पुढे आजी, शेळीला घरी बांधून आलेल्या. त्यांना काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं; वस्तीत रात्रीतून दोघी जावांची गोष्ट पोचलेली. फोन वाजला.

"बाई, थोरली बोलते. धाकटी बोलते. गुंडी खिळ्याले टांगली भिंतीवर, कोनाचा पाय जानार नाही. जोडू?"

"जोडा."

पंपाची घरघर. माझ्या कानाला घाम फुटलेला. मग, टक्.

मी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. परत, टक्.

"पेटलं बाई!" रामटेके फोनवर ओरडले, इतके की आजींनाही ऐकू गेलं. "लाल रेघ! वरतून खालपर्यंत, सिधी रेघ! अरे वा रे वा!" मग धडपड झाली आणि सबनीसांचा आवाज आला, "लिमयेबाई, मी डोळे उघडले. फार सुंदर आहे हो. फार सुंदर." माझे डोळे परत वाहायला लागले, पण या वेळी मला कुणाचा राग नव्हता. बायकांनी आपापसात एकच गलका केला, आणि आजींनी माझ्या पाठीत धपका घातला.

बुधवारी सबनीसांनी गेस्ट हाउसच्या न्हाणीघरात खिडकीला घोंगडी लावून फिल्म धुतली. वाळवायला जागा कुठे? रामटेक्यांच्या मधल्या खोलीत, नव्या सुती दोरीवर, मुलींच्या केसांच्या चिमट्यांनी. जुन्या पेटीच्या पट्टीवर निम्म्याहून जास्त चौकटी कोऱ्या, नुसता अंधार. माझ्या पेटीच्या पट्टीवर जवळजवळ प्रत्येक चौकटीत एक सरळ, स्वच्छ रेघ. सबनीस भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. "तार मीच करतो सरांना," म्हणाले, "आणि चांगल्या शब्दांत करायची गरजच नाही."

निघण्याआधी

सामान वर आलं तेव्हा मीच म्हटलं, ज्यांना खाली जाता येत नाही त्यांनी का बघू नये? मॅनेजर साहेबांनी हसून एक कोठार दिलं. खिडक्यांवर घोंगड्या, फळ्या एकावर एक, मध्ये नळ्या. दिवस मावळायच्या आत अख्खं पटांगण तिथे लोटलं. जमिनीवर तर कणांची चंगळ. नळ्या दम घेत घेत पेटत होत्या, आणि दर वेळी बायकांचा 'अगं आई' असा सूर उठत होता.

आजींनी मला खूण केली आणि आपला हात फळीवर, कणाच्या वाटेत धरला. सुरकुतलेला, नखांत काळं मँगनीज बसलेला हात. टक्. खाली लाल रेघ.

"हे माह्या हातातून गेलं?"

"हौ आजी."

"दुखलं तं नाही. आता कुठी जाते?"

"खाली. जमिनीत. एखादा खाणीपर्यंतही जाईल."

"त्याले कोनी अडवत नाही?"

"त्याला कोण अडवणार?"

आजींनी हात तिथेच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मी बी जात होती जी खाली. कायदा नव्हता तवा. नवरा फोडे, मी टोपलीनं वर आनो. मंग एक दिवस म्हनले, उद्यापासून बायकाईनं येयाचं नाही. माही टोपली खालीच राह्यली." टक्, रेघ पेटली आणि विझली. आजी तिच्याकडे बघून अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "दिसली तं पाह्यजो रे बाबा. नवीकोरी होती."

कोठारात एक बाई खुदकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आजी सर्वांत जास्त.

माझी पेटी आता दक्षिणेत, सोन्याच्या खाणीत आहे. तारही तीच, तीन जोडांची; सरांनी बदला म्हटलं, मी बदलली नाही. तिथेही मला खाली उतरू देत नाहीत. सबनीस उतरतात, डोळे उघडे ठेवून. गेल्या महिन्यात त्यांना गाडीत बसवायला गेले तेव्हा मी दोन गोष्टी बजावल्या. एक, उरलेली तार मागितली तर कुणालाही 'हो' म्हणायचं नाही. आणि दुसरी, खाली कुठे एखादी टोपली पडलेली दिसली तर वर घेऊन यायची.

"लिमयेबाई," सबनीस थर्मास सावरत म्हणाले, "ती खाण वेगळी, ही वेगळी."

"असू दे," मी म्हटलं, "बघा तर खरं."